सव्वाचौदा कोयना

महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘ओव्हनमध्ये शिजणार सूर्य’ हा लेख दोनदा वाचला. एकदा चष्मा लावून, एकदा पुसून. इंग्लंडमध्ये कल्हमच्या ‘मास्ट’ या अणुसंलयनाच्या (सूर्यासारखे अणू जोडून ऊर्जा काढायच्या) प्रयोगयंत्रात ‘२८ गिगावॅटच्या मायक्रोवेव्ह’ सोडल्या, असेच तिथे छापले आहे.

मी कराडचा. आमच्याकडे वीज कोयनेने मोजतात. कोयना १,९६० मेगावॅटची. म्हणजे त्या एका यंत्राला, तेही अर्धा सेकंद, सव्वाचौदा कोयना जुंपल्या! अहो, ते २८ गिगाहर्ट्झ आहे. लहर सेकंदाला किती वेळा हलते त्याचा तो आकडा, ताकदीचा नव्हे. ताकद होती १०० किलोवॅटच्या आसपास, आमच्या कोपऱ्यावरच्या डीपीएवढी. चूक फक्त २ लाख ८० हजार पटींची आहे.

आकडा चुकतो, माणूस आहे. पण लेखातून मुख्य गोष्टच गळली. लहरींनी प्लाझ्मा, म्हणजे यंत्रातला तापलेला, विद्युतभारित वायू, तापवणे जुने झाले. या प्रयोगाचे कौतुक असे की लहरींनी प्लाझ्मात करंट सुरू केला, मधले कॉइल न वापरता. ‘करंट’ हा शब्द तुमच्या अख्ख्या लेखात एकदाही नाही.

याचा मला एवढा त्रास का, ते सांगतो. मी आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो. १९८७ साली ट्रान्सफॉर्मर शिकवत होतो: प्रायमरी कॉइलमधला बदलता करंट शेजारच्या सेकंडरी कॉइलमध्ये, तार न जोडता, करंट उठवतो. एका पोराने विचारले, “सर, प्रायमरीच काढून टाकली तर?” मी म्हणालो, “मग सेकंडरीत करंट काय तुझा आज्जा पाठवणार?” वर्ग फुटून हसला. त्या पोराने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

टोकामॅक, म्हणजे प्लाझ्मा चुंबकांनी कड्यात कोंडणारे मास्टसारखे यंत्र, हा ट्रान्सफॉर्मरच. मधले उभे कॉइल ही प्रायमरी, आणि प्लाझ्माचे कडे ही एकाच वेढ्याची सेकंडरी. कड्यातून करंट वाहिला तरच प्लाझ्मा जागेवर राहतो. पण ट्रान्सफॉर्मरला बदलता करंट लागतो. प्रायमरीतला करंट चढवत नेता येतो तो कॉइल सोसेल तोवर. पुढे खेळ संपला. त्यातून मास्टसारखा गोलाकार टोकामॅक म्हणजे देठाकडून गाभा काढलेले सफरचंद. मधली जागा इतकी चिंचोळी की वीजनिर्मितीच्या यंत्रात तिथे कॉइल, इन्सुलेशन आणि न्यूट्रॉन अडवणारी भिंत हे सगळे कोंबणार कुठे? म्हणून प्रायमरीशिवाय करंट सुरू करण्याची धडपड. माझ्या पोराचाच प्रश्न.

एक टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन सेकंदाला २८ अब्ज गिरक्या घेतो. त्याच ठेक्यावर लहर आली की तो तिची ऊर्जा उचलतो. पण प्लाझ्मा दाट झाला की साधी लहर बाहेरच्या बाहेर परत फिरते. कल्हमच्या लोकांनी मधल्या खांबावर खाचा पाडलेला आरसा बसवला. त्यावर आपटून लहरीची जात बदलते, ती उलटी प्लाझ्मात शिरते आणि आत तिची बर्नस्टाइन लहर होते. दाट प्लाझ्मा हिला अडवत नाही. हिने इलेक्ट्रॉनांना एका दिशेला रेटले आणि ७३ हजार अँपिअर निघाले. मास्टमध्ये कॉइल होते, पण या प्रयोगात ते वापरले नाही. याच यंत्रात एरवी कॉइलच्या जोरावर दहा लाख अँपिअरच्या घरात करंट जाई, तेव्हा ही सुरुवातच म्हणायची. लेखात ‘नुकताच’ म्हटले आहे, तो प्रयोग दहा वर्षांहून जुना आहे, हे जाता जाता.

‘ओव्हन’वरही मी चिडलो होतो, पण तिथे थोडी माघार घेतो. जपानच्या क्योतो विद्यापीठातल्या ‘लेट’ यंत्रात मध्ये कॉइलच नाही, आणि तिथे २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरींनी करंट सुरू करून दाखवला आहे. घरातल्या ओव्हनचीही तीच वारंवारता. अर्थात तुमच्या लेखकाला हे ठाऊक असते तर त्याने लिहिले असते.

तो पोरगा पुढे वायरमन झाला. आमच्या गल्लीतला फ्यूज दोनदा त्यानेच बसवला, मला ‘सर’ म्हणतो. पुरवणीचे पान नेऊन त्याला दाखवावे, तुझे बरोबर होते म्हणावे, असे काल मनात आले. पण २८ गिगावॅट वाचून तोच मला हसला असता, आणि तो हक्क त्याचा आहेच.

मागच्या महिन्यात वीजदरवाढीच्या बातमीत तुम्ही ‘महिन्याला १०० किलोवॅट वापरणारे ग्राहक’ लिहिले होते; हवे होते १०० युनिट, म्हणजे किलोवॅट-तास. तेव्हाही पत्र पाठवले, छापले नाही. या वेळी दुरुस्ती छापणार असाल तर निविदांच्या खाली, मुंगीच्या अक्षरांत नको. पान कापून त्याच्याकडे न्यायचे आहे.

— एक निवृत्त निदेशक, कराड