टाइप मोठा नको, ओळी मोकळ्या हव्यात

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

मराठी पुस्तकांचा टाइप बारीक असतो, वाचताना डोळे शिणतात, अशी तक्रार वाचक वारंवार करतात आणि प्रकाशक पुढच्या आवृत्तीत टाइप वाढवून मोकळे होतात. अक्षरजुळणी आणि पृष्ठमांडणीच्या कामात आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे दुखणे एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी, असे वाटते.

टाइप पॉइंटमध्ये मोजतात आणि संगणकावर ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. मात्र १२ पॉइंट ही अक्षराची उंची नव्हे. पूर्वी ती खिळ्याच्या, म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेल्या अक्षराच्या ठशाच्या, अंगाची उंची असे. आज ती फॉण्ट रेखाटताना धरलेल्या चौकटीची असते. देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार यांना जागा ठेवावी लागत असल्याने मूळ अक्षर किती लहान काढायचे हे रेखाटनकार आपापल्या परीने ठरवतो, आणि म्हणूनच दोन फॉण्टांतले १२ पॉइंट शेजारी ठेवले तर एक थोराड आणि दुसरा किरटा दिसू शकतो.

खरी अडचण ओळींमधल्या अंतराची आहे. खिळ्यांच्या जुळणीत जुळारी दोन ओळींमध्ये शिशाच्या पातळ पट्ट्या, म्हणजे लेड, स्वतःच्या हाताने घालत असे. मांडणीची प्रचलित सॉफ्टवेअर मात्र वेगळे काही सांगितले नाही तर टाइपाच्या १२० टक्के अंतर धरतात, म्हणजे १२ पॉइंटला १४.४. रोमन लिपीला ते चालून जाते. मराठीत वरच्या ओळीतल्या ‘शत्रू’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘सर्वांनी’च्या रफार-अनुस्वाराला भिडू लागतो. टाइप १४ पॉइंटचा केला, तर त्याच हिशेबाने ओळ १६.८ पॉइंटची होते आणि दाटी होती तेवढीच राहते. त्याऐवजी १२ पॉइंटचाच टाइप ठेवून ओळ १७ पॉइंटची केली, तर पानावर ओळी जवळजवळ तेवढ्याच बसतात, प्रत्येक ओळीत शब्द जास्त मावतात आणि मजकूर मोकळा दिसतो. कागदाच्या किमतीची सबब येथे टिकत नाही. (अर्थात फॉण्ट बदलला की हे गणित पुन्हा मांडावे लागते.)

वर्तमानपत्राच्या अरुंद स्तंभात आणखी एक दोष दिसतो, आणि आपले पत्रही त्याला अपवाद नाही. दोन्ही कडा सरळ ठेवण्यासाठी ‘महानगरपालिकेच्या’सारखा शब्द ताणला, की अक्षरांमध्ये फट पडून शिरोरेषा तुटते. तो ‘महानगर’नंतर संयोगचिन्ह देऊन तोडावा, किंवा उजवी कड सरळ ठेवण्याचा हट्ट सोडावा, शब्दांमधली जागा थोडीफार वाढली तर वाचक सहन करतो, तुटकी शिरोरेषा मात्र प्रत्येक वेळी नजरेला अडखळवते.

प्रकाशकांना एक विनंती आहे. पुस्तकाच्या श्रेयपानावर मुद्रक, मुखपृष्ठकार आणि अक्षरजुळणी करणाऱ्याचे नाव असतेच. त्याखाली फॉण्टचे नाव, टाइपाचा आकार आणि ओळींचे अंतर एवढेही छापावे, म्हणजे एखादे पुस्तक वाचायला सुखाचे वाटले तर पुढच्या मांडणीकाराला त्याचे माप हाताशी मिळेल.

आपला,
एक निवृत्त मांडणीकार, पुणे