ताई, तुम्ही माझ्या ‘कधीकधी’वर विश्वास ठेवलात

प्रिय ताई,

फोनवर आभार मानायला गेले तर तुम्ही “अगं, त्यात काय एवढं” म्हणून विषयच बदललात. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं मुद्दाम लिहिते आहे, कारण कधीकधीच अडणाऱ्या कॉम्प्युटरचा दोष कसा शोधायचा हे जवळजवळ तीन आठवडे तुम्ही मला जे शिकवलंत ते माझ्यासारख्या आणखी कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आपण अजून समोरासमोर भेटलेल्यासुद्धा नाही. मैत्रिणीने तुमचा नंबर दिला, एवढीच ओळख.

सुटे भाग जमवून मी स्वतः असेंबल केलेला हा डेस्कटॉप. दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वाचून रेकॉर्ड केलेली पाठ्यपुस्तकं मी त्यावर साफ करते. परीक्षा तोंडावर आल्या होत्या आणि नेमका तेव्हाच तो अडून बसायला लागला. सकाळी बटण दाबलं की पंखे फिरायचे, दिवे लागायचे, पण डिस्प्ले यायचा नाही. बंद करायचं, परत चालू करायचं. कधी दुसऱ्या खेपेला यायचा, कधी पाचव्या. एकदा आला की दिवसभर कुरकुर नाही, रीस्टार्टसुद्धा बिनबोभाट. दाखवायला न्यावा तर तिथे पहिल्याच फटक्यात चालू. एकाने “चालतोय की” म्हणून परत पाठवला. दुसऱ्याने कॅबिनेट न उघडताच “मदरबोर्ड गेलाय, बदलून टाका” असं सांगितलं, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात ती मुख्य पाटीच. घरच्यांनाही वाटायला लागलं होतं की मीच काहीतरी चुकीचं करते आहे.

तुमचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो. “कधीकधी म्हणजे दहातून किती वेळा?” मला सांगता आलं नाही. तुम्ही रागावला नाहीत, “वही घे” म्हणालात. चार रकाने आखायला लावलेत: किती वाजता चालू केला, त्याआधी किती तास बंद होता, मदरबोर्डवरचा कोणता दिवा पेटून राहिला, आणि कितव्या खेपेला डिस्प्ले आला. चार दिवसांत 13 नोंदी झाल्या. त्यातल्या 7 वेळा तो पहिल्या खेपेला उठला नव्हता, आणि सातही वेळा तो सहा तासांपेक्षा जास्त बंद होता. इतके दिवस लहरी वाटणारं यंत्र त्या पानावर अगदी नियमाने वागताना दिसलं. ते पान बघून मला रडू आलं होतं, हे तुम्हाला तेव्हा सांगितलं नाही.

तिसऱ्या रकान्याचा अर्थही तुमच्यामुळेच कळला. विंडोज वगैरे सुरू होण्याच्या आधी मशीन स्वतःची तपासणी करतं, आणि मदरबोर्डच्या कडेचे ते चार बारके दिवे म्हणजे सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम, म्हणजे कामापुरती मेमरी), व्हीजीए (डिस्प्ले) आणि बूट (डिस्कवरून विंडोज सुरू होणं). ज्या पायरीवर गाडी अडते तो दिवा पेटून राहतो. माझा प्रत्येक वेळी डीरॅमवर अडकलेला. म्हणजे निदान हार्डडिस्क आणि विंडोज यांच्यामागे लागायचं कारण उरलं नाही. मी मात्र त्याआधी दोनदा विंडोज नव्याने टाकून बसले होते.

मग एकेक करून संशय फिटत गेले. तुमच्या सांगण्यावरून मल्टिमीटर उसना आणला. एसएमपीएसच्या, म्हणजे आत वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, 12 व्होल्टच्या तारेवर 12.08 आले, 11.4 ते 12.6 चालतात. 5 व्होल्टच्या तारेवर 5.03. मी लगेच म्हटलं, एसएमपीएस सुटला! तुम्ही म्हणालात, “सुटला नाही, जामिनावर आहे. क्षणभर व्होल्टेज पडलं तर साध्या मीटरला दिसत नाही.” बायोसचा, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंग जपणारा, गोल सेल 3 व्होल्टच्या वरच होता. एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, बंद करून 3200 च्या वेगावर चालणारी रॅम 2666 वर आणली आणि दोन दिवस नोंदी केल्या, रडगाणं तेच. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावला, चार फेऱ्या झाल्या, एकही चूक नाही. माझा धीर तिथे सुटला होता. तुम्ही शांतपणे विचारलंत, “मेमटेस्ट चालला तेव्हा मशीन गार होतं का गरम?” गरमच होतं. चालू झाल्याशिवाय मेमटेस्ट लागणार कसा?

पुढचे बारा दिवस तुम्ही माझ्याकडून जे करून घेतलंत त्याबद्दल हे पत्र खरं तर आहे. दोन रॅम, आणि मदरबोर्डवरच्या रॅमच्या चार खाचांपैकी, म्हणजे स्लॉटपैकी, वापरातले दोन. एका वेळी एकच रॅम, एकाच स्लॉटमध्ये, तीन-तीन दिवस. सकाळी एकदा चालू करायचा आणि दुपारभर बंद ठेवून संध्याकाळी एकदा. मधे दुसऱ्या कशालाही हात लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी मी सांगितलं की सोबत ग्राफिक्स कार्डही काढून बघते, तेव्हा तुमचा आवाज पहिल्यांदा कडक झाला: “दोन गोष्टी एकदम बदललीस तर दोन्हींचं उत्तर हरवेल.” पहिली रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये: सहापैकी सहा वेळा चालू. दुसरी रॅम त्याच स्लॉटमध्ये: सहापैकी सहा. मग पहिली रॅम चौथ्या स्लॉटमध्ये: सहापैकी चार वेळा अडकली. दुसरी रॅम तिथेच: सहापैकी तीन वेळा. रॅम दोन्ही चांगल्या होत्या. दोष त्या चौथ्या स्लॉटकडे जाणाऱ्या वाटेवर होता.

इथे कोणीही मदरबोर्ड बदलायला सांगितलं असतं. तुम्ही त्या वाटेवरून उलटं चालत गेलात. पूर्वी रॅमचा कारभार बघणारा मेमरी कंट्रोलर मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये असायचा. एएमडीने 2003 मध्ये आणि इंटेलने 2008 मध्ये तो आपल्या डेस्कटॉप प्रोसेसरांच्या आतच घेतला. म्हणजे रॅमच्या तारा स्लॉटपासून निघून सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या चौकटीच्या, पिनांमधून थेट प्रोसेसरात शिरतात. माझ्या सॉकेटात तशा 1200 पिना. मग तुम्ही पहिल्या दिवशी विचारलेला प्रश्न पुन्हा विचारलात: “आत शेवटचा हात कधी घातला होतास?” तेव्हा मी “कधीच नाही” म्हटलं होतं. कॅलेंडर चाळलं तर अकरा आठवड्यांपूर्वी धूळ काढताना प्रोसेसरवरचा कूलर उतरवून मी नवी थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप, लावलेली. अडायला लागला त्याच्या कितीतरी नंतर, थंडी पडल्यावर, म्हणून दोन्हींचा संबंध डोक्यातच आला नव्हता. तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत.

मशीन दहा मिनिटं चालवून पेस्ट जरा मऊ होऊ दिली, मग बंद करून, वायर काढून, कूलर हलकेच पिळत उचलला. तुम्ही फोटो मागितलात आणि मलाही नीट बघायला सांगितलंत. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यात पेस्ट इतकी पातळ दाबली गेली होती की खालचा धातू चमकत होता. समोरच्या तिरप्या कोपऱ्यात तीच पेस्ट साईसारखी जाड, जशी लावली तशीच. मी पहिला स्क्रू शेवटपर्यंत आवळून मगच शेजारच्याकडे गेले होते. कूलर एका अंगाला कलून बसला होता, आणि त्याच्या दाबाखालचा प्रोसेसरही. तुम्ही समजावलंत की गार असताना काही पिनांचा स्पर्श कच्चा राहत असणार, आणि चार-पाच खेपांत जी थोडी ऊब येते तेवढ्याने धातू किंचित फुगून तो जुळत असणार.

प्रोसेसर काढून, टॉर्च आडवा धरून पिनांच्या ओळी पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती. पेरणी केलेल्या शेतासारख्या सरळ ओळी. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, वाटाण्याएवढी नवी पेस्ट ठेवून, चारही स्क्रू तिरपे-तिरपे, प्रत्येक वेळी दोनच फेरे असे आवळले. तुम्ही फोनवर फेरे मोजत होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही रॅम जागेवर, आणि पहिल्याच खेपेला डिस्प्ले. मी ओरडूनच फोन केला. तेव्हाही तुम्ही खरं तेच बोललात: “प्रोसेसर काढून बसवला, पेस्ट बदलली, स्क्रू सारखे आवळले. तीन गोष्टी एकदम झाल्या. कूलरच कारण असावा, पण शपथेवर सांगणार नाही. दहा दिवस नोंदी ठेव.” जिच्या हातून एवढं मोठं काम झालं तिने असं सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटलं.

दहा दिवसांच्या जागी पाच आठवडे झाले. 61 नोंदी आहेत आणि शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 1 च आहे. रखडलेली चारही पुस्तकं परीक्षेच्या आधी मुलांच्या हाती गेली. विज्ञानाच्या पुस्तकात विद्युत परिपथाचा धडा होता. तो साफ करताना तुमचाच आवाज कानात होता.

पुढच्या महिन्यात धाकट्या भावाचा पीसी असेंबल करायचा आहे. कूलर बसवायच्या वेळी फोन करीन, ताई. फेरे मोजायला याल ना?

तुमची,
वहीवाली