गाभा खरा, बाकी सगळे रचलेले?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला आत्मपर लेखनावरचा लेख वाचला. राग उतरतो का ते पाहायला आज पुन्हा वाचला. उतरला नाही.

लेख वाईट नाही. भाषा ओघवती आहे, आणि ‘आख्खे आयुष्य सांगायला जाऊ नका, एक प्रसंग धरा’ हा सल्ला तर नवोदितांनी लिहून ठेवावा असा. पण अर्ध्यावर आल्यावर लेखक महाशय हळूच सांगतात, की जुने संवाद आठवत नसतील तर रचावेत, वातावरण कमी पडले तर भरावे, गाभा खरा असला की झाले. हा गाभा तपासायचा कुणी? ज्याने रचले त्यानेच?

मला हा गाभा चांगला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी एका नियतकालिकाकडे मी वडिलांवरचा लेख पाठवला होता. धाकटा भाऊ भांडून घर सोडून गेला, ती संध्याकाळ. दार आपटल्यावर वडील उठले, भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली दिली आणि हातातले पुस्तक जिथे सोडले होते तिथून पुढे वाचू लागले. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो आणि तोंडावर काही म्हणजे काही नव्हते. लेख त्या कोऱ्या चेहऱ्याबद्दलच होता. मी कितीतरी वर्षे त्या चेहऱ्यावर चिडून होते, आणि का चिडून होते ते मला लिहिताना कळत गेले.

छापून आला तेव्हा घड्याळ गायब! बाहेर पाऊस कोसळत होता, वडिलांच्या डोळ्यांत पाणी तरळले होते आणि ते पुटपुटत होते, ‘जा बाळा, सुखी राहा.’ आमच्या घरात कुणी कुणाला ‘बाळा’ म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. फोन केला तर उपसंपादक शांतपणे म्हणाले, “ताई, वाचक हलला पाहिजे.”

हलला ना. माझा भाऊच हलला. त्याने ते कात्रण जपून ठेवले आहे आणि वडील त्या रात्री रडले होते यावर त्याचा आता पक्का विश्वास आहे. तो तिथे नव्हता, मी होते. तसे काही झाले नाही म्हणून सांगायला गेले तर म्हणतो, “तूच लिहिलंयस ना?” खाली नाव माझेच आहे, काय बोलणार!

आपल्या लेखकाने आदर्श म्हणून दाखला दिला तोही अमेरिकी लेखक ट्रुमन कपोटीचा. कॅन्ससमधल्या हत्याकांडावरचे त्याचे पुस्तक १९६६ साली आले. त्यातले सगळे खरे आहे, असा त्याचा दावा होता. शेवटचा दफनभूमीतला हळवा प्रसंग घडलाच नव्हता, हे पुढे उघड झाले. इतका समर्थ लेखक, आणि आज त्याच्या शैलीबद्दल बोलायला बसावे तर गप्पा त्या दफनभूमीवर जातात. लेखात याचा उल्लेख नाही. जागा नसेल.

त्यापेक्षा अमेरिकी पत्रकार जॉन हर्सीचे नाव घ्यायचे होते. ३१ ऑगस्ट १९४६ चा ‘न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकाचा अंक त्याच्या हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिला होता. बॉम्बमधून वाचलेली सहा माणसे, आणि त्या क्षणी कोण काय करत होते. कचेरीतली एक मुलगी शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला मान वळवत होती. ती मान हर्सीने कल्पनेने वळवलेली नाही, विचारून घेतलेली आहे. अशी विचारपूस करायला वेळ लागतो, पाऊस पाडायला लागत नाही.

राहिला न आठवणाऱ्या संवादांचा प्रश्न. ‘असे काहीसे म्हणाले’ असे लिहावे, किंवा सरळ ‘आठवत नाही’ म्हणावे. त्याने वाचक पळून जात नाही. १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये दया पवारांनी दगडू पवारला, म्हणजे स्वतःलाच, समोर बसवून बोलते केले आहे. तीही रचनाच, पण उघड केलेली. भोगणारा कोण आणि आठवणारा कोण, हे वाचकाला पहिल्यापासून दिसते. रचनेला माझी हरकत नाहीच, लपवाछपवीला आहे.

जाता जाता. मागे आपण माझे एक पत्र छापलेत, त्याबद्दल आभार. पण त्यातला मधला परिच्छेद गाळून मथळा बदलल्यामुळे मी ज्या गोष्टीला विरोध करत होते तिला पाठिंबा देऊन बसले, आणि ओळखीच्यांनी अभिनंदनही केले. या वेळी जागेची अडचण असेल तर कौतुकाची वाक्ये खुशाल कापा.

आपली,
एक नियमित वाचक