जकात गेली, बस मात्र नाक्यावरूनच वळते : परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांना सविनय नमस्कार.

आमच्या शहराच्या वेशीवर पूर्वी जकात नाका होता. जकात बंद झाली, नाक्याची खोली पडली, आता तिथे उसाच्या रसाची गाडी उभी असते. पण स्टेशनवरून सुटणारी बस अजूनही त्याच जागी वळसा घेऊन माघारी फिरते, कारण तिथून पुढे दुसऱ्या महापालिकेची हद्द लागते. आमच्या इमारतीत चार घरची कामे करणाऱ्या मावशी पलीकडच्या वस्तीत राहतात. दुपारी त्या नाक्यावर उतरतात आणि पुढचा दीड किलोमीटर खडीच्या डंपरांना चुकवत पायी जातात. पावसाळ्यात एका हातात चपला असतात, दुसऱ्या हातात छत्री. पलीकडच्या महापालिकेची बसही नाक्याच्या अलीकडे येत नाही. मधल्या दीड किलोमीटरला कोणी वालीच नाही.

शहराचे आणि बससेवेचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एखाद्या डेपो मॅनेजरला नोटीस निघावी म्हणून हे पत्र नाही. मुंबई महानगर प्रदेशातल्या कितीतरी थांब्यांवर हीच गोष्ट ऐकायला मिळेल.

या प्रदेशात मुंबईची बेस्ट, ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, वसई-विरार असे महापालिकांचे वेगवेगळे परिवहन उपक्रम आहेत, शिवाय एसटी. एसटी आणि रिक्षाचे परवाने आपल्या खात्याकडे, महापालिका नगरविकास खात्याकडे, लोकल केंद्राकडे. प्रवासी मात्र सकाळच्या एकाच प्रवासात रिक्षा, लोकल आणि बस तिन्ही वापरतो. महानगरातल्या वाहतुकीचा एकत्र विचार करणारे प्राधिकरण हवे, हे २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातच म्हटले होते. हद्द ओलांडणाऱ्या बस नाहीत असे नाही. बेस्ट ठाण्यात येते, नवी मुंबईची बस कल्याण-डोंबिवलीकडे जाते, आणि गर्दीच्या वेळी या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते. गरज कुठे आहे ते त्या गर्दीतूनच कळते.

आता मला सगळ्यात जास्त छळणाऱ्या गोष्टीकडे येते. स्टेशन ते आमची वसाहत आठ किलोमीटर. संध्याकाळी बसला जायला चाळीस मिनिटे लागतात, यायला चाळीस, आणि दोन्ही टोकांना मिळून चालक-वाहकांना श्वास घ्यायला दहा. म्हणजे एक पूर्ण फेरी दीड तासाची. या मार्गावर एकच गाडी लावली तर दीड तासाने बस. दोन लावल्या तर पाऊण तासाने, तीन लावल्या तर अर्ध्या तासाने. हे तिसरीच्या मुलालाही सुटणारे गणित आहे, तरी आमच्याकडे एकेका गाडीवर चालणारे मार्ग आहेत. ती गाडी पंक्चर झाली की त्या दिवशी तो मार्गच बंद. लोक दोन-तीनदा फसतात, मग शेअर रिक्षा धरतात. पुढे कागदावर नोंद होते की या मार्गाला प्रतिसाद नाही, आणि उरलेली फेरीही काढून घेतली जाते.

असे होते कारण प्रत्येक प्रभागाला स्वतःची बस हवी असते. नारळ फुटतो, हार घातले जातात, पण ताफ्यात गाडी वाढलेली नसते. कुठल्या तरी जुन्या मार्गावरची उचलून आणलेली असते. माझे म्हणणे आहे की मार्ग कमी ठेवा, पण तीन गाड्यांपेक्षा कमी गाड्यांवर एकही मार्ग चालवू नका. आणि मार्ग सरळ करा. आमची बस वाटेत तीन गृहसंकुलांत शिरून बाहेर येते. प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटे धरली तर जाऊन-येऊन अर्धा तास या वळणांतच जातो. बस मुख्य रस्त्यानेच नेली तर दीड तासाची फेरी तासाभराची होते आणि त्याच तीन गाड्यांत अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांनी बस मिळते, एकही नवी गाडी न घेता. माझ्यासारखी बाई कोपऱ्यापर्यंत पाच मिनिटे आनंदाने चालेल, बस येणार याची खात्री असेल तर. ज्यांना चालवत नाही, त्यांच्यासाठी आतून फिरणारी लहान गाडी वेगळी ठेवता येईल.

अर्थात नव्या गाड्या लागणारच आहेत. केंद्राच्या नागरी वाहतूक निकषांत उत्तम सेवेसाठी दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखाला साठ, असे धरले आहे. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली साडेबारा लाखांच्या घरात होती. त्या हिशेबाने तिथे साडेसातशे गाड्या हव्यात. प्रत्यक्षात त्यांचा पाव हिस्साही नाही. मुंबईत तरी काय? १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस जिथे धावली, तिथे बेस्टचा ताफा दीड दशकापूर्वी साडेचार हजारांच्या आसपास होता. तो आता तीन हजारांच्याही खाली आहे, आणि त्यातल्या बहुतेक गाड्या भाडेतत्त्वावरच्या. ९ मे २०२५ पासून किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले. दहा रुपये देण्याला माझी ना नाही, त्या दहा रुपयांत गाडी वेळेवर यावी. भाडेतत्त्वाच्या गाड्यांचे पैसे किलोमीटरवर मोजले जातात. त्याच करारांत गर्दीच्या वेळची फेरी चुकली तर ठेकेदाराला खरोखर झळ बसेल असा दंड हवा, आणि काल ठरलेल्या किती फेऱ्या झाल्या हे रोज स्टेशनबाहेरच्या फलकावर लागायला हवे.

रात्रीचे एक सांगते. मी एका प्रयोगशाळेत दुसऱ्या पाळीला असते. माझी लोकल ९.५२ ला लागते, आमच्या बाजूची शेवटची बस ९.४५ ला सुटते. सात मिनिटे. पुलावरून धावत उतरणाऱ्या बायका रिकामा थांबा बघून न बोलता रिक्षाच्या रांगेकडे वळतात. मीही वळते. गेल्या महिन्यात मी वहीत तारखा लिहून ठेवल्या. बावीस पाळ्यांपैकी तीनच रात्री बस मिळाली, त्याही बस उशिरा सुटली म्हणून. १७ मार्च २०२३ पासून आपल्या एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे. त्याचे मोल मी जाणते, माझी आई गावाहून त्याच तिकिटावर येते. पण शहरातल्या बाईला रात्री दहाला सवलतीआधी बस लागते. शेवटची बस घड्याळावर न सोडता शेवटच्या गर्दीच्या लोकलवर सोडा, एवढा आदेश काढायला निधीही लागत नाही.

ठाण्यात पश्चिमेला सॅटिसचा, म्हणजे स्टेशन परिसरातली वाहतूक सुधारण्याच्या योजनेतला, पूल बांधून बस थेट रेल्वेच्या पादचारी पुलाशी आणली. रेल्वे आणि महापालिका एकत्र बसू शकतात हे तिथे दिसले आहे. म्हणून विनंती अशी की नगरविकास खाते, रेल्वे आणि सगळ्या उपक्रमांचे व्यवस्थापक यांची एक बैठक आपण बोलवावी आणि प्रत्येक स्टेशनाचा मार्गांचा नकाशा टेबलावर ठेवावा, त्यावर महापालिकांच्या हद्दी न दाखवता. त्या नकाशावर आमचा नाका सहज सापडेल. तिथून मावशींच्या वस्तीपर्यंत दीड किलोमीटर आहे आणि वस्तीच्या तोंडाशी देवळासमोर बस वळवण्याइतके मैदान आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत एवढा मार्ग वाढवून द्यावा.

आपली,
एक पासधारक प्रवासी