सरासरीसोबत आयतालेखही छापा

महोदय,

आपल्या शेतीपानावर दोन बागांची तुलना केवळ सरासरीवर होते. यंदा माझ्या दहावीतल्या मुलीने आमच्या दोन्ही प्लॉटमधले द्राक्षांचे 50-50 घड काट्यावर तोलले. सरासरी दोन्हीकडे 400 ग्रॅमच! पण तिने वजनाचे 50-50 ग्रॅमचे वर्ग पाडून आयतालेख (हिस्टोग्राम; ज्या वर्गात जास्त घड, त्याचा आयत उंच) काढले, एकाखाली एक. वरच्यात मधोमध एकच उंचवटा. खालच्यात दोन, 250 आणि 550 च्या आसपास, मध्ये खड्डा. जाऊन पाहिलं, तर टेकाडाकडच्या ओळींत ठिबकचं पाणीच पोचत नव्हतं. व्यापारी काय सरासरी बघून माल उचलतो? बारके घड बाजूलाच पडतात. कृपया आयतालेखही छापा. वर्ग आणि अक्षांचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच ठेवा.

– एक द्राक्ष बागायतदार, तासगाव (जि. सांगली)