फवारणीच्या पंपात साधं पाणी भरायला लावणाऱ्या सरांना

आदरणीय सर,

शेतकऱ्याच्या पोरांना शेती काय शिकवायची, असं म्हणणारे आमच्या घरातही होते. तरी मी प्रशिक्षणाला आले. वाटलं होतं, फळ्यावर खतांची नावं लिहून घ्यावी लागतील.

तुम्ही पाठीवर पंप दिलात, तोही साध्या पाण्याने भरलेला. दहा मीटर लांब-रुंद चौकोन आखलात आणि म्हणालात, रोज चालता तसंच चालत फवारा. नंतर पंप पुन्हा काठोकाठ भरताना किती पाणी लागतं ते मोजलं. कुणाचं चार लिटर गेलं होतं, कुणाचं पाच. मग तुम्ही गणित घातलंत. हेक्टरात असे शंभर चौकोन बसतात, म्हणजे पाच लिटरवाल्याला हेक्टरी 500 लिटर पाणी लागणार आणि चार लिटरवाल्याला 400. औषध हेक्टरी 500 मिली द्यायचं असेल, तर पाच लिटरवाल्याने 16 लिटरच्या पंपात 16 मिली घ्यायचं आणि चार लिटरवाल्याने 20. शेजाऱ्याला विचारून झाकणाने औषध ओतायची सवय माझ्यापुरती तरी तिथेच सुटली.

नोझलचंही तसंच. जुन्या नोझलखाली मोजपात्र धरून मिनिटभराचं पाणी गोळा करायचं. नव्यापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त आलं तर नोझल बदलायचं. एवढीशी वस्तू, पण झिजली की औषध वाया जातं आणि पिकालाही जादा बसतं. हे मी आजही सगळ्यांना ऐकवते, कंटाळतात बिचारे.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासणं, मातीचा नमुना बांधाजवळून किंवा झाडाखालून न घेणं, हेही तुमच्याकडूनच शिकले. कलमं मात्र माझी अजून तुमच्यासारखी सफाईदार होत नाहीत. साल सालीला भिडली की पट्टी घट्ट आवळायची, हे कळतं. हाताला यायला वेळ लागतो.

आणखी एका गोष्टीसाठी आभार मानायचेत. इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा मुलं पुढे सरसावली होती. तुम्ही काही न बोलता पाना माझ्या हातात ठेवलात. भाषण दिलं असतंत तर मी लाजले असते.

आता आजूबाजूची पोरं त्यांचे पंप माझ्याकडे घेऊन येतात. पुढच्या तुकडीला फवारणीचं प्रात्यक्षिक दाखवायला कुणी हवं असेल तर कळवा. मोजपात्र माझं मी आणेन.

तुमची विद्यार्थिनी