ठाऊक असलेला चेंडू

फोंडा,
२० ऑगस्ट

प्रिय दत्ता,

तीन महिने तुला उत्तर दिलं नाही, राग धरू नकोस. इथे सगळं ठीक. आईची शुगर आटोक्यात आहे, माझा गुडघा तसाच.

रविवारी टेबल टेनिसच्या सामन्यात चिमी हरली. हरण्याचं काही नाही रे, पण कशी हरली हे तुझ्याशिवाय कुणाला कळणार नाही. वर्षभर रोज अर्धा तास मी तिच्याकडून आपलं तेच फाल्केनबर्ग, ती ठरलेल्या तीन चेंडूंची कवायत, करून घेतोय: बॅकहँडच्या कोपऱ्यातून बॅकहँड, तिथूनच वळून फोरहँड, मग धावत जाऊन उजव्या कोपऱ्यातला फोरहँड. हॉलवर एक चेंडू चुकत नाही. सामन्यात समोरच्या मुलीने दोन चेंडू बॅकहँडला टाकले आणि चिमी आपोआप उजवीकडे निघाली. तिसराही बॅकहँडलाच आला. असं एकदा नाही, चारदा झालं. चौथ्यांदा ती वळून माझ्याकडे बघायला लागली. त्या नजरेने दोन रात्री झोप नाही मला.

मडगावच्या स्टँडवर भर पावसात आपण भांडलो होतो, आठवतं? तू म्हणालास, चेंडू कुठे येणार हे आधी ठाऊक असेल तर ती कवायत, खेळ नव्हे. मी तुला कामचुकार म्हटलं. भाईंनी डबल्सला एकत्र उतरवलं म्हणून तरी आपण बोललो. दत्ता, तुझंच खरं होतं.

आपल्या वेळी २१ गुणांचा गेम, पाच-पाच सर्व्हिस. पाचने मागे पडलो तरी सावरायला वेळ मिळायचा. २००१ पासून ११ झाले, सर्व्हिस दोन-दोन. पाय चुकलेत हे पोरीला उमगेपर्यंत गेम संपलेला असतो.

कालपासून बदललंय. बॅकहँडला एक टाकायचा, दोन की तीन, ते मी ठरवतो आणि तिला सांगत नाही. सुरुवातही तिच्याच सर्व्हिसने: आखूड बॅकस्पिन, म्हणजे उलट्या फिरकीची, मी पुश करून, नुसता ढकलून, तो कुठेही परत टाकणार, तिने तिसरा चेंडू उचलायचा. दहातले सात जाळ्यात. त्यात हवा इतकी दमट की बॅटच्या रबरावर ओल धरते, टॉपस्पिन, म्हणजे पुढची फिरकी देऊन मारावा तर चेंडू सटकतो. दर दोन गुणांनी ती टी-शर्टला बॅट पुसते. पाय चुकले की रबर घसरलं, हेच तिला कळत नाही, आणि खरं सांगतो, मलाही पटकन कळत नाही. पुढच्या महिन्यात निवड चाचणी. आता घडी मोडली आणि जो स्ट्रोक बसलाय तोही गेला तर? जुनंच चालू ठेवू का चाचणीपर्यंत? तू काय केलं असतंस?

तुझी ती चेंडू पोटाआड लपवून करायची सर्व्हिस तिला करून दाखवली, पोट धरून हसली. २००२ला ती नियमात बंद झाली म्हणून भाई सुटले बिचारे!

वहिनींच्या बढतीचं ऐकून फार आनंद झाला. घराचं काम कुठवर आलं? पोरगा आता चालत असेल ना?

चवथीला येतोसच. जुनी बॅट आण. आरती झाली की हॉलवर जाऊ आणि तिला चेंडू तू टाक. इतकी वर्षं समोर उभा राहिलो, तू कुठे टाकणार ते मला कधी कळलं नाही.

तुझा,
सुभाष